डाव्या हाताचा रंधा

मी डावरा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी डोकं खाजवत बसायला नको. जेवणं, प्रसाद घेणं, कुणाला काही देणं एवढं आईने लहानपणीच उजव्या हाताला शिकवलं आणि तो शिकलाही. पण करवत, पटाशी, हातोडी, रंधा, म्हणजे ज्यावर आमचं पोट चालायचं ते सगळं डाव्याकडे. तिथे उजवा हात लग्नातल्या रुसलेल्या पाहुण्यासारखा नुसता बसून राहायचा.

धारला माझ्या काकांचं सुतारकामाचं दुकान होतं. आमचं घराणं सरकारांबरोबर दक्षिणेतून माळव्यात आलेलं. आजोबा राजवाड्याच्या सुतारखान्यात, त्यांच्यामागून काका तिथेच. संस्थानं विलीन झाली आणि सुतारखान्याला कुलूप लागलं, तेव्हा काकांनी आपली हत्यारं उचलली आणि बाजारात दुकान टाकलं. रडत बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. राजवाड्याच्या खुर्च्या करणारा माणूस बैलगाड्यांची जुवं करायला लागला आणि तीही तितक्याच तोऱ्यात.

दुकानातले रंधे आजोबांच्या हातचे, शिसवीचे. लाकडाचा रंधा वापरून वापरून मालकाचा होत जातो. जिथे तळवा टेकतो तिथे खोलगट होतो, जिथे अंगठा दाबतो तिथे गुळगुळीत होतो. आमचे सगळे रंधे असे आजोबांच्या आणि काकांच्या उजव्या हाताचे झालेले. मी डाव्याने धरला की अंगठ्याला बोटांची जागा मिळायची आणि बोटांना अंगठ्याची. दुसऱ्याची चप्पल घालून चालल्यासारखं वाटायचं. हाताला फोड यायचे, मी चिडायचो, काका म्हणायचे, "रंध्यावर कशाला डाफरतोस? तो काय तुझ्या घरी आला होता?"

माझं चिडणं हा घरातला मोठाच विषय होता. नवीन लग्न झालेलं. घरात काका, काकू, त्यांची मुलंबाळं आणि आम्ही दोघं. बायको देवासची. ती कधी कुरकुरली नाही, पण चुलीपाशी तिची पाळी येईपर्यंत दुपार कलायची, आणि मी विचारलं की म्हणायची, "मला काय, मी उभी आहे की." या "उभी आहे की" मध्ये काय काय होतं ते मला बराबर कळायचं. तिला स्वतःची चूल पाहिजे होती. मलाही पाहिजे होती. आणि देवासला काम वाढत होतं, तिथे दुसरं दुकान टाकावं असं काकांच्या मनात होतं. ते माझ्या हवाली करायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

"तुझा हात चांगला आहे," काका म्हणाले, "पण तोंड वाईट. गिऱ्हाईक काही बोललं की तू दोन बोलतोस. दुकान हाताने चालतं आणि तोंडाने बुडतं."

मग त्यांनी माझी परीक्षा काढली. देवासला एक बाईसाहेब होत्या. साहेब संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते, आता घरी बसले होते आणि त्या वर्षी मुलाकडे नागपूरला गेलेले होते. बाईसाहेबांना सागवानी देव्हारा करून हवा होता. त्यांच्या पसंतीला उतरणं म्हणजे महाकठीण. त्यांनी एका मिस्त्रीचा पाट तीनदा परत केला होता, अशी त्यांची ख्याती. काका म्हणाले, "त्यांचा देव्हारा त्यांच्या मनासारखा करून दे. देवासचं दुकान तुझं."

मी लगेच हो म्हणालो. तेव्हा काकांनी पुडीतला दुसरा भाग उघडला. देव्हारा बाईसाहेबांच्या ओसरीवर, त्यांच्या डोळ्यांसमोर करायचा. रोज आंघोळ करून यायचं. एकट्या पुरुषमाणसाने घरात वावरायचं नाही, बायकोला बरोबर आणायचं. आणि देवाच्या कामाला डावा हात लावायचा नाही.

"त्यांना सांगितलंत का, की मी डावरा आहे?"

"विचारलं नाही त्यांनी," काका म्हणाले आणि बिडी पेटवायला मागे गेले.

मी संध्याकाळभर धुमसत होतो. बायको मात्र शांत. ती म्हणाली, "मोठा रंधा दोन हातांनीच चालतो ना? मग कुणाला काय दिसतंय कुठला हात जोर लावतोय ते?" ते खरं होतं. फळ्या तासायला काही अडचण नव्हती. अडचण टोकांची होती. देव्हाऱ्याला छोटे खांब असतात, पायऱ्या असतात, शिखर असतं, आणि लाकडाची टोकं जिथे जिथे उघडी पडतात तिथे रेषे आडवे कापावे लागतात. मोठा रंधा तिथे भुसा पाडतो, काठ उडवतो. तिथे लागतो तो लहान, एका हातात मावणारा, लोखंडी रंधा. दुकानात तसा नव्हता. काका म्हणाले, "घेऊन ये, चांगला बघून घे. दुकानाच्या खात्यावर." एवढं म्हणाले म्हणजे त्यांनाही देव्हारा गाजायला हवा होता.

बाजारात बोहरी चाचांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. बांगड्या भरायच्या म्हणून बायको माझ्याबरोबर बाहेर पडली आणि बांगड्यांच्या दुकानावरून सरळ पुढे चालत आली. मी म्हटलं, "अगं, कासार मागे राहिला." ती म्हणाली, "त्याला कुठे पळायचंय? तुम्ही एकटे गेलात तर चिडून काहीतरी उचलून आणाल." त्या काळी सून अशी लोखंडाच्या दुकानात शिरत नसे. पण चाचांनी तिच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.

मी रंधा घ्यायला रिकाम्या हाताने जात नाही. पिशवीत सागाचा एक तुकडा, धारेचा दगड, तेलाची कुपी आणि कोन तपासायचा काकांचा गुण्या होता. चाचांनी एक चकचकीत रंधा काढला. पांढराशुभ्र, आरशासारखा. बायकोने डोळे भरून पाहिलं. मी तो काउंटरच्या काचेवर ठेवला आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवलं. टक् वाजला. दुसऱ्या कोपऱ्यावर टेकवलं, पुन्हा टक्. तळ वाकडा. रंध्याचा तळ वाकडा असला की वर किती का नटलेला असेना, लाकडावर तो डोलणार, आणि डोलणारा रंधा सपाट काय करणार? कपाळ.

"नया माल है भिया," चाचा म्हणाले.

"नवा आहे म्हणूनच म्हणतो, जुना असता तर समजलो असतो."

बायकोने स्टुलावरून माझ्याकडे बघितलं. मी रंधा परत चाचांपुढे सरकवला.

दुसरा बरा होता. हलका, आटोपशीर, तळ सरळ. मी तो उजेडाकडे धरून त्याच्यावर गुण्याची पाती टेकवली, तर मधून उजेडाची रेघसुद्धा आली नाही. पण मागचा स्क्रू फिरवला तर तो अर्धा वेढा नुसताच फिरायचा, मग पातं हलायचं. तरी मी पातं काढून दगडावर जरा घासलं, तेल पुसलं आणि तुकड्याच्या टोकावर चालवून पाहिला. उजव्या हाताने. कारण तोच हात वापरायचा होता. छिलका आला, अगदीच नाही असं नाही, पण तुटक तुटक. हाताला मात्र तो सोपा होता. उजव्यासारख्या आळशी हाताला एवढंच झेपणार होतं.

"घ्या हाच," बायको म्हणाली.

"चाचा, आणखी काही?"

चाचा कंटाळले होते, पण चांगला दुकानदार कंटाळा गिऱ्हाइकाला दाखवत नाही. त्यांनी खालच्या खणातून चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. काळा, जुना, विलायती रंधा. काळा रंग ठिकठिकाणी घासून गेलेला. कुणीतरी मोडीत दिलेला, ते म्हणाले, चमक नाही म्हणून कुणी हात लावत नाही. मी हात लावला. जड होता, पण तळव्यात बसणारा जड. तळ काचेवर ठेवला, चारही कोपरे दाबले, आवाज नाही. स्क्रूला हात लावला की पातं लगेच हलत होतं. पातं अगदी आडवं, जवळजवळ लाकडावर झोपलेलं, टोकं कापायला हवं तसं. आणि तळाशी जिथून पातं बाहेर येतं, त्या तोंडाची पुढची पट्टी सरकत होती. तोंड बारीक केलं की काठ उडायची भीती नाही.

मग मी नीट पाहिलं. ज्या ठिकाणी रंग घासला होता तिथे एका बाजूला तीन बोटांचे लांबट डाग होते आणि दुसऱ्या बाजूला अंगठ्याचा एक गोल डाग. अंगठ्याचा डाग उजव्या अंगाला होता. मी रंधा उजव्या हातात धरला, अंगठा बोटांच्या डागांवर पडला. डाव्या हातात घेतला, आणि अंगठा त्या गोल डागावर आपल्याच जुन्या चपलेत पाय जावा तसा जाऊन बसला. जो कुणी हा रंधा वर्षानुवर्षं चालवत होता तो माणूस डावरा होता. माझ्यासारखा. कुठला, कोण, देव जाणे. पण होता.

मी तुकडा काउंटरला टेकवला आणि टोकावरून रंधा फिरवला, डाव्याने. टोकावरून सहसा भुसा निघतो. हा पापुद्रा निघाला, सलग, आणि माझ्या मनगटावर येऊन पडला. टोकावर बोट फिरवलं तर काचेवर फिरवल्यासारखं. चाचांनीही फिरवलं. मग त्यांनी पापुद्रा उचलून उजेडाकडे धरला आणि नुसती मान हलवली.

"आता उजव्याने करा," बायको म्हणाली.

केला. रंधा टोकात रुतला आणि काठाची कपची उडून चाचांच्या चहात पडली.

दुकानाबाहेर आमचं भांडण झालं, म्हणजे मी ओरडलो आणि ती शांतपणे बोलली, जे जास्त वाईट. तिचं म्हणणं सरळ होतं. काम उजव्याने करायचंय, उजव्याला चालेल तो घ्या, देव्हारा होऊ द्या, दुकान मिळू द्या, मग हवे तेवढे काळे रंधे घ्या. मी म्हणालो, वाईट रंध्याने केलेला देव्हारा बाईसाहेबांच्या पसंतीला उतरणार नाही आणि चांगल्या रंध्याने वाईट हाताने केलेलाही नाही. "मग काय करणार?" तिने विचारलं. मी आत गेलो आणि काळा रंधा घेऊन बाहेर आलो. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. बांगड्याही राहिल्या.

देवासला आम्ही तिच्या माहेरी उतरलो. सासुरवाडीला असं मुक्कामाला राहायचं म्हणजे रोज सकाळी कुणीतरी विचारणार, "काय जावईबापू, झाला का देव्हारा?" मी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, टेकडीच्या पायथ्याजवळच्या त्या घरी निघायचो, पिशवी उजव्या हातात घेऊन.

बाईसाहेब ठेंगण्या, गोऱ्या, कडक नऊवारीतल्या. पहिल्या दिवशी त्यांनी सगळी हत्यारं पाटावर मांडायला लावली आणि एकेकाला हळदकुंकू लावलं. काळ्या रंध्यापाशी थांबल्या. "हा कसला रे कळकट?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार एवढ्यात बायको म्हणाली, "जुना आहे बाईसाहेब, मुरलेला." त्या हसल्या आणि त्याच्या नाकावर जरा जास्तच कुंकू लावलं. मला तेव्हाच वाटलं, ही बाई ख्यातीएवढी वाईट नाही.

पण नजर मात्र घारीची. ओसरीवर वेताच्या खुर्चीत बसून तांदूळ निवडायच्या आणि एक डोळा माझ्यावर. फळ्या तासून झाल्या, खांब झाले, आणि टोकं आली. मी काळा रंधा उजव्या हातात घेतला. पहिल्याच टोकाला त्याने रेषे रेषे उपटले. माझे कान तापले. "काय झालं रे मिस्त्री?" "काही नाही बाईसाहेब, लाकूड जरा हट्टी आहे." लाकूड बिचारं लोण्यासारखं होतं.

तेव्हा बायकोनेच मार्ग काढला. दुकानापासून घरापर्यंत अबोला धरणारी हीच. तिने बाईसाहेबांना म्हटलं, मला तुमच्या हातचे अनारसे शिकवा. बाईसाहेब खूश. रोज दुपारी दोघी स्वयंपाकघरात, आणि मी ओसरीवर डाव्या हाताने मोकळा. बाईसाहेब बाहेर यायला निघाल्या की ही आतून मोठ्याने विचारायची, "पाट कुठे ठेवू बाईसाहेब?" की रंधा या हातातून त्या हातात. त्या घरात पाट दिवसातून किती वेळा हलले असतील, कोण जाणे. मी इतक्या मजेत कधी काम केलं नव्हतं. त्या पायऱ्या, ते खांब, ती शिखराची कडा, जे जे टोक तो रंधा घेई ते ते झळझळीत होऊन निघे. घरी जाताना बायको माझ्या मनगटावरचे पापुद्रे झटकायची आणि म्हणायची, "घेतला ते बरंच केलंत." तिच्या तोंडून हे ऐकायला मी आणखी दहा देव्हारे केले असते.

शेवटी शिखराचा कळस राहिला. त्याच्या बैठकीचं टोक सगळ्यात नाजूक. मी तो पकडीत लावला, रंध्याचं तोंड बारीक केलं आणि डाव्याने रंधा चालवायला घेतला. बाईसाहेब स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात तुळशीकडे गेल्या होत्या आणि तिथून घराला वळसा घालून समोरून आल्या. पाट कुठे ठेवायचा हे विचारायला कुणाला सवडच मिळाली नाही. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा रंधा अर्ध्यावर होता.

अर्ध्यावर रंधा थांबवला तर टोक फुटतं. मी थांबलो नाही. डाव्याच हाताने, त्यांच्या डोळ्यांदेखत, तो शेवटपर्यंत नेला. पापुद्रा त्यांच्या पायाशी पडला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"सगळं?"

"एक टोक उजव्याने केलंय. मागच्या खांबाचं."

त्या वाकल्या आणि मागच्या खांबाच्या टोकावर बोट फिरवलं. मग कळसाच्या टोकावर. चेहऱ्यावरून काही कळेना. दारात बायको येऊन उभी राहिली होती, हाताला पीठ तसंच. माझ्या तोंडावर पुष्कळ काही आलं होतं. हात देवानेच दिलाय, मी कुठून विकत आणला नाही, वगैरे. पण तिच्याकडे बघितलं आणि गिळलं. माझ्या आयुष्यात गिळलेलं ते पहिलं भाषण. बाईसाहेब तशाच आत गेल्या. दिवेलागणीची वेळ झाली होती.

मी हत्यारं पिशवीत भरायला लागलो. बायको पायरीवर बसली. "धारला काय सांगायचं?" ती हळूच म्हणाली. मला इतकं वाईट वाटलं की मी नुसताच रंधा पुसत बसलो. आतून आरतीचा सूर आला, घंटा वाजायला लागली. रोज वाजायची तशीच. आणि मध्येच थांबली. आरती अर्धी, घंटा बंद.

बाईसाहेब बाहेर आल्या. उजव्या हातात निरांजनाचं ताम्हन, डाव्या हातात घंटा. त्या घंटेकडे बघत होत्या. मग आमच्याकडे बघितलं, मग पुन्हा त्या हाताकडे, आणि हसायला लागल्या. हसता हसता निरांजन विझायला आलं तशी बायकोने धावत जाऊन ते धरलं.

"अरे," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ही याच हाताने वाजवतेय. आणि देवाने एकदाही कान झाकले नाहीत." मग एकदम गंभीर झाल्या. "पण तुझ्या देव्हाऱ्यात एक खोट आहे, मिस्त्री. घंटा ठेवायला जागाच नाही. एक खुंटी लाव. डाव्या अंगाला. आणि मागचा तो खांब बदल, तुझ्या चांगल्या हाताने."

दुसऱ्या दिवशी मी ओसरीच्या अगदी मधोमध बसलो, त्यांच्या खुर्चीसमोर, आणि सगळ्यांदेखत डाव्याने काम केलं. त्यांनी तांदूळ बाजूला ठेवले आणि नुसतं बघत राहिल्या. एकदा म्हणाल्या, "दाखव रे तो कळकट." त्यांनी काळा रंधा हातात घेतला, वजन करून पाहिलं, अंगठ्याचा डाग बघितला आणि परत दिला.

देव बसवायच्या दिवशी काका धारहून आले. त्यांनी देव्हाऱ्याभोवती फेरी मारली, प्रत्येक टोकावर नख फिरवलं, पायऱ्यांखाली वाकून पाहिलं. काही सापडेना म्हणून बेचैन झाले. शेवटी खुंटी दिसली.

"ही डावीकडे का लावली रे?"

मी बाईसाहेबांकडे पाहिलं. "घंटा कुठल्या हाताने वाजवतात, मिस्त्री?" त्यांनी काकांना विचारलं. काकांनी हवेतच उजव्या हाताने आरती ओवाळून पाहिली, मग डावा हात हलवला, आणि हळूच खाली केला. मग ते माझ्याकडे वळले. त्यांना हसू येत होतं आणि ते मिशीत लपवायचा फुकट प्रयत्न करत होते.

"दुकानासाठी जागा बघून ठेव इथे," ते म्हणाले. "आणि राहायला एखादी खोली."

मी काही बोलायच्या आत बायकोने पदर सारखा केला आणि म्हणाली, "बघून झाली, काका. चूलसुद्धा घातली आहे."